वाचकांचे प्रश्न : आरशासह की आरशाविना?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो आहे : कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) घ्यावा की मिररलेस (आरसा नसलेला)? प्रश्न एक असला तरी विचारणाऱ्यांच्या गरजा एकसारख्या नाहीत, त्यामुळे सर्वांना एकच उत्तर देऊन मोकळे होणे योग्य नाही. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयावरच्या निवडक पत्रांना दिली आहे.

प्रश्न : आतापर्यंत मी मोबाइलवरच छायाचित्रे काढत आलो. आता पहिला स्वतंत्र कॅमेरा घ्यायचा आहे. विक्रेता म्हणतो, मिररलेसच घ्या, डीएसएलआरचे दिवस संपले. माझे काका अनेक वर्षे हौसेने छायाचित्रण करतात. ते म्हणतात, आरशाच्या कॅमेऱ्यावर हात बसल्याशिवाय छायाचित्रण येत नाही. कोणाचे ऐकावे? (एक नवशिका वाचक)

उत्तर : आपला विक्रेता बाजाराबद्दल बोलतो आहे आणि आपले काका सवयीबद्दल, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही आपल्याला कॅमेऱ्याच्या आत काय चालते ते सांगितलेले दिसत नाही. तिथूनच सुरुवात करू.

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर, म्हणजे छायाचित्र जिच्यावर उमटते ती पट्टी, यांच्यामध्ये ४५ अंशांत तिरका बसवलेला आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावरून वर वळतो, वरच्या पंचकोनी लोलकातून फिरून सुलटा होतो आणि व्ह्यूफाइंडरला, म्हणजे दृश्य पाहायच्या छोट्या खिडकीला, लावलेल्या आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्याच आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला थोडा प्रकाश मागच्या एका लहान आरशावरून खाली वळतो आणि तळाशी असलेल्या स्वतंत्र फोकस-सेन्सरवर पडतो. बटण दाबले की दोन्ही आरसे बाजूला होतात, व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा पडतो, शटर उघडून मिटते आणि आरसे पुन्हा जागेवर येतात. ज्याला आपण ‘क्लिक’ म्हणतो त्या आवाजात मोठा वाटा या आरशाच्या धावपळीचा असतो. मिररलेसमध्ये हे आरसे आणि लोलक नसतात. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो, सेन्सर सतत दृश्य वाचत राहतो आणि ते दृश्य मागच्या स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमधल्या इवल्याशा पडद्यावर दाखवले जाते. फोकस कुठे बसला, हेही तोच सेन्सर ठरवतो.

आता काकांच्या म्हणण्याकडे वळू. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते समोरचे दृश्य, होणारे छायाचित्र नव्हे. छायाचित्र काळवंडणार आहे की पांढरे फटक पडणार आहे, हे बटण दाबल्यावर स्क्रीनवर पाहूनच कळते. त्यामुळे प्रकाश जोखण्याची, आकड्यांवरून अंदाज बांधण्याची सवय लागते, आणि काकांच्या पिढीची नजर तयार झाली ती याच सवयीने. मीही त्याच वाटेने शिकलो. पण शिकवण्याची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आले, की नवशिक्याला मिररलेसवर या गोष्टी लवकर उमगतात. एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रात नोंदला जाणारा प्रकाश, वाढवले की दृश्य डोळ्यांदेखत उजळते, कमी केले की अंधारते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी), शटरचा वेग आणि छिद्र (लेन्समधली प्रकाश आत येण्याची वाट) यांचा आपसांतला हिशेब समजावून सांगताना फळ्याची गरज उरत नाही. चूक झाल्यावर ती कळणे आणि चूक होण्याआधी ती दिसणे या शिकण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिलीत शिस्त अधिक आहे, दुसरीत उमेद टिकते.

आरशातून दिसणाऱ्या दृश्याच्या निर्मळपणाचे कौतुक काकांनी केले असेल, तर त्यालाही एक पुरवणी जोडायला हवी. ते कौतुक मोठ्या, महाग डीएसएलआरबाबत रास्त आहे. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरशांचीच पोकळ रचना वापरतात, आणि त्यांच्या व्ह्यूफाइंडरमधून दृश्याचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. असे दृश्य लहान आणि थोडे मंद भासते. चौकटीच्या कडेला आलेली नको असलेली फांदी घरी गेल्यावरच दिसते.

फोकसच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. डीएसएलआरमध्ये फोकस एका सेन्सरवर जोखला जातो आणि छायाचित्र दुसऱ्याच सेन्सरवर उमटते. या दोन वाटांच्या लांबीत केसाएवढा फरक पडला, तरी फोकस डोळ्याऐवजी नाकाच्या शेंड्यावर किंवा कानावर बसतो. मोठ्या छिद्राच्या लेन्सवर हे फार खुपते. म्हणून अनेक वरच्या श्रेणीच्या डीएसएलआरमध्ये प्रत्येक लेन्ससाठी सूक्ष्म दुरुस्तीची सोय दिलेली असते, नवशिक्यांच्या बॉडीत मात्र ती बहुधा नसते. मिररलेसमध्ये जिथे छायाचित्र उमटते तिथेच फोकस ठरतो, त्यामुळे हा रोग मुळातच उद्भवत नाही. शिवाय डीएसएलआरचे फोकस-बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसलेले असतात, तर आजच्या बहुतेक मिररलेसमध्ये ते जवळपास सगळी चौकट व्यापतात आणि माणसाचा डोळा ओळखून त्याच्यावर खिळून राहतात. पळणारे मूल ज्याने टिपून पाहिले आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

राहिला विक्रेता. पहिला मिररलेस, म्हणजे पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१, २००८ साली आला. सोनीने २०१३ मध्ये ए७ मालिका आणून फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा मोठा, सेन्सर या प्रकारात बसवला, आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची नवी कडी, आणले. याच दोन कंपन्यांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० सालचे आहेत. सोनीने आपल्या जुन्या, आरशाच्या माउंटचे कॅमेरे २०२१ मध्ये बंद केले. पेंटॅक्स मात्र आरशाशी एकनिष्ठ राहिली आहे. याचा अर्थ डीएसएलआर उद्या काम करायचे थांबतील असा नाही. नव्या लेन्स आणि फोकसची नवी तंत्रे आता मिररलेससाठीच येत आहेत, एवढाच याचा अर्थ आहे. कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स मात्र दहा-पंधरा वर्षे सोबत करतात. म्हणून पहिला कॅमेरा निवडताना आपण खरे तर माउंट निवडत असतो.

तेव्हा कॅमेरा नवा कोरा घेणार असाल तर मिररलेस घ्यावा, असे मी सांगेन. पैसे बेताचे असतील तर चांगल्या स्थितीतला वापरलेला डीएसएलआर आणि त्याच्यासोबत एक चांगली लेन्स घ्यावी. यात कमीपणा काहीच नाही. टाळायचा पर्याय या दोहोंच्या मधला आहे : शेवटचा साठा म्हणून विकला जाणारा नवा डीएसएलआर, जवळपास मिररलेसच्याच किमतीत, आणि वर ‘जरा सवलत’ म्हणून दिलेली बॅग व ट्रायपॉड.

प्रश्न : मिररलेसची छायाचित्रे डीएसएलआरपेक्षा अधिक सुस्पष्ट येतात का? (एक वाचिका)

उत्तर : नाही. स्पष्टता सेन्सर आणि लेन्स यांच्यातून येते, आणि सेन्सरच्या पुढे आरसा होता की नव्हता याची नोंद छायाचित्रात उमटत नाही. निकॉनचा डी८५० हा डीएसएलआर आणि झेड७ हा मिररलेस, दोन्ही सुमारे ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचे आहेत. दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर कोणते कशाचे, हे छातीठोकपणे सांगणारा अजून मला भेटलेला नाही. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिलिमीटरचा असतो. लहान सेन्सरच्या मिररलेसची तुलना मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरशी करून ‘मिररलेस कमी पडला’ म्हणणारे, आणि त्याच्या उलट म्हणणारेही, आरशाला नाहक दोष देत असतात.

प्रश्न : माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि चार लेन्स आहेत. त्यांतल्या दोन लेन्स वीस वर्षांपूर्वीच्या आहेत. सगळे विकून मिररलेस घ्यावा असा सल्ला मिळतो. जुन्या लेन्स अडॅप्टरने चालतात असेही ऐकले. मन घेत नाही. काय करावे? (एक हौशी छायाचित्रकार)

उत्तर : आपले मन घेत नाही, हे बरे आहे; त्याला थोडा वेळ द्यावा.

अडॅप्टरची गोष्ट खरी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. लेन्स बसते ती कडी आणि सेन्सर यांच्यातले अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते. डीएसएलआरमध्ये तिथे आरशाला हलायला जागा हवी, म्हणून ते अंतर मोठे असते : १९५९ पासून चालत आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर, तर १९८७ च्या कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मिलिमीटर. आरसा गेल्यावर हे अंतर निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफ माउंटमध्ये २० मिलिमीटरवर आले. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर मधली ३०.५ किंवा २४ मिलिमीटरची पोकळी भरून काढणारी नळी पुरते; साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, असतात फक्त विद्युत-संपर्क. त्यामुळे लेन्सचा दर्जा खालावत नाही. याच्या उलट, मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लावू म्हटले, तर ती सेन्सरपासून फार दूर पडते आणि लांबच्या वस्तूंवर फोकस होतच नाही. हा रस्ता एकाच दिशेने जातो.

आपल्या दोन जुन्या लेन्स कोणत्या कंपनीच्या आहेत, हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तर तिथेच अडकते. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच आहे. कंपनीच्या अडॅप्टरवर त्यांचा ऑटोफोकस नीट चालतो, पुष्कळदा जुन्या बॉडीपेक्षाही अचूक. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नाही; बॉडीतल्या मोटरचा स्क्रू त्यांना फिरवतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये तशी मोटर नाही, त्यामुळे या लेन्स तिथे हाताने फोकस कराव्या लागतात. एएफ-एस लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, म्हणून त्यांना ही अडचण येत नाही. लेन्सवर कोरलेली अक्षरे वाचलीत की आपली लेन्स कुठल्या गटात बसते ते दोन मिनिटांत समजेल.

अक्षरे वाचून झाली की स्वतःला एक प्रश्न विचारावा : गेल्या वर्षभरात कोणते छायाचित्र या कॅमेऱ्यामुळे हुकले? उडणारा पक्षी फोकसमधून निसटला, शटरच्या आवाजाने वादकाने मान वर केली, व्हिडिओ काढताना फोकस भरकटत राहिला, असे काही ठोस आठवत असेल तर बदलाला कारण आहे. काहीच आठवत नसेल, तर तोच पैसा प्रवासाला किंवा एखाद्या चांगल्या लेन्सला लावावा. बदलायचे ठरलेच, तर आधी फक्त बॉडी आणि अडॅप्टर घ्यावा, चारही लेन्स वर्षभर वापरून पाहाव्यात आणि मग कोणती विकायची ते ठरवावे. एकरकमी सगळे विकणाऱ्याला जी लेन्स द्यायला नको होती, ती नेमकी नंतर आठवते.

प्रश्न : मी नाटकांची आणि गाण्याच्या बैठकींची छायाचित्रे काढते. शटरच्या आवाजाबद्दल दोनदा बोलणी खाल्ली आहेत. मिररलेस पूर्णपणे मूक असतो, हे खरे का? (एक वाचिका)

उत्तर : असू शकतो, पण मूकपणाची किंमत मोजावी लागते. मिररलेसमध्ये आरसा नसला तरी पडद्यासारखे सरकणारे यांत्रिक शटर बहुतेकांत असते, आणि त्याचा आवाज होतो. डीएसएलआरपेक्षा कमी, पण शांत बैठकीत जाणवण्याइतका. संपूर्ण शांतता मिळते ती इलेक्ट्रॉनिक शटर निवडल्यावर. त्या वेळी काहीच सरकत नाही. सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. हे वाचन अनेक कॅमेऱ्यांत यांत्रिक पडद्याच्या मानाने पुष्कळ सावकाश होते, आणि सगळी कटकट तिथे सुरू होते. तबल्यावर फिरणारी बोटे किंवा गिरकी घेणारा हात वाकडा उमटतो. त्याहून त्रासदायक म्हणजे दिव्यांचे पट्टे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक उजळतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण सेन्सरच्या काही ओळी उजेडात आणि काही अंधुकपणात वाचल्या जातात, आणि छायाचित्रावर आडवे पट्टे येतात. मी एकदा अख्खा कार्यक्रम मूक शटरवर टिपला आणि घरी आल्यावर प्रत्येक गायकाच्या चेहऱ्यावर पट्टे पाहिले. चूक माझीच होती; पहिल्या दोन चौकटी मोठ्या करून पाहिल्या असत्या, तर तिथेच कळले असते.

उपाय असा, की शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावा, म्हणजे उजेडाची आवर्तने पूर्ण मोजली जातात. वीज ६० हर्ट्झची असेल तर हे आकडे १/६० आणि १/१२० होतात. रंगमंचावरचे काही एलईडी दिवे मात्र याहून कितीतरी अधिक वेगाने लुकलुकतात आणि या हिशेबाला जुमानत नाहीत. तिथे यांत्रिक शटरकडे वळावे आणि टाळ्यांच्या गजरात बटण दाबावे. काही मिररलेसमध्ये शटरचा वेग सेकंदाच्या फार बारीक अंशांनी बदलून पट्टे घालवण्याची सोय असते. रंगमंचावर काम करणाऱ्यांनी खरेदीपूर्वी तिची चौकशी जरूर करावी. सेन्सर अतिशय जलद वाचणारे महागडे कॅमेरेही आहेत. निकॉनच्या २०२१ च्या झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, आणि सोनीच्या २०२३ च्या ए९-३ मध्ये सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात. हौशी वापरासाठी एवढा खर्च करावा, असे मी म्हणणार नाही. बैठकीत १/१०० सेकंद पुष्कळ होतो; आलाप घेणारा गायक तेवढ्यात हलत नाही, तान घेताना मात्र हलतो.

प्रश्न : मी पक्षी टिपतो. पहाटेपासून तासन्‌तास डोळा व्ह्यूफाइंडरला असतो. मिररलेसची बॅटरी टिकत नाही आणि पडद्याकडे पाहून डोळे शिणतात, असे मित्र म्हणतात. वजन कमी होईल एवढाच मोह आहे. (एक पक्षीनिरीक्षक)

उत्तर : वजनाचा मोह आपल्या बाबतीत फसवा ठरण्याची शक्यता आहे. बॉडीपुरता फरक खरा आहे : वर उल्लेखलेला डी८५० बॅटरी आणि कार्डासह १००५ ग्रॅम भरतो, तर झेड७ ६७५ ग्रॅम. पण लांब पल्ल्याच्या लेन्सचे आकारमान तिच्यातल्या काचांवर ठरते, आरशावर नाही. ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ही निकॉनची लेन्स ट्रायपॉडच्या कडीसह दोन्ही माउंटमध्ये १४०० ग्रॅमच्या पुढेच आहे. आणि गंमत म्हणजे, नवशिक्यांसाठीचा निकॉनचा डी३५०० हा डीएसएलआर अवघा ४१५ ग्रॅमचा आहे. म्हणजे हलका कॅमेरा म्हणजे मिररलेस, हेही सरसकट खरे नाही.

बॅटरीबद्दल मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या प्रमाण चाचणीनुसार डी८५० एका बॅटरीवर १८४० छायाचित्रे काढतो आणि झेड७ ३३०. सलग माळ टिपताना दोघेही याहून बरेच पुढे जातात. पण आपला वेळ जातो टिपण्यापेक्षा वाट पाहण्यात. डीएसएलआरमधून पाहत बसायला वीज जवळजवळ लागत नाही. मिररलेसमध्ये पाहण्यासाठीच वीज लागते. दोन-तीन जादा बॅटऱ्या खिशात असाव्यात, आणि थंडीत तर अंगाशी ठेवाव्यात. वाट पाहायला दुर्बीण वापरली तर डोळेही शिणत नाहीत.

तरीही उडते पक्षी हा आपला मुख्य विषय असेल, तर मी मिररलेसच्या बाजूने झुकेन. पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस आणि चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेले फोकस-बिंदू यांनी या कामातला फार मोठा भार उचलला आहे. पडद्यावरचे दृश्य प्रत्यक्षापेक्षा किंचित मागे असते, हा आक्षेप जुन्या आणि स्वस्त मॉडेलांना आजही लागू पडतो. झेपावणाऱ्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवून पाहावा. दृश्य अडखळले, तर तो कॅमेरा आपल्यासाठी नव्हे. ही परीक्षा दुकानात उभे राहूनही, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलस्वारावर घेता येते.

प्रश्न : वय सत्तर. वाचायला चष्मा लागतो, दूरचे नीट दिसते. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काढलेले छायाचित्र पाहायला दर वेळी चष्मा शोधावा लागतो. (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : आपण मिररलेस घ्यावा, आणि त्यात व्ह्यूफाइंडर असल्याची खात्री करावी, कारण लहान मॉडेलांत तो अनेकदा गाळलेला असतो. व्ह्यूफाइंडरशेजारच्या छोट्या चाकाने त्याचा नंबर आपल्या डोळ्याला जुळवून घेतला, की काढलेले छायाचित्र, मेनू आणि आकडे सगळे त्यातच स्पष्ट दिसते. डीएसएलआरमध्येही असे चाक असते, पण काढलेले छायाचित्र त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये पाहता येत नाही. आपल्या पत्राइतके सोपे पत्र या खेपेला दुसरे नव्हते.

प्रश्न : वापरलेला डीएसएलआर घेताना काय तपासावे? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : सर्वप्रथम शटर किती वेळा चालले आहे तो आकडा विचारावा. नवशिक्यांच्या बॉडीचे शटर बहुधा १ लाख वेळा, मधल्या श्रेणीचे दीड ते दोन लाख वेळा चालेल अशा हिशेबाने बनवलेले असते. आकडा त्याच्या निम्म्याच्या आत असला तर काळजी नको. नंतर छिद्र लहान करून एफ १६ वर नेऊन कोऱ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे आणि ते मोठे करून पाहावे. काळपट ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपके दिसतात पण छायाचित्रात दिसत नाहीत, तर ती धूळ आरशावर किंवा वरच्या काचेवर आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, आणि आरसा तर कधीच पुसू नये, कारण त्याचा लेप पृष्ठभागावरच असतो आणि साध्या रुमालानेही ओरखडतो. लेन्स उजेडासमोर धरून तिच्यात जाळीसारखी बुरशी दिसली, तर ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, छिद्र पूर्ण उघडून, तिरक्या ठेवलेल्या छापील पानातल्या एकाच ओळीवर फोकस करावा. ती ओळ धूसर आणि मागची किंवा पुढची ठळक आली, तर तोच वर सांगितलेला फोकसचा रोग. हेच छायाचित्र दुसऱ्या लेन्सने पुन्हा काढावे, म्हणजे दोष बॉडीत आहे की लेन्समध्ये, ते पैसे देण्यापूर्वी कळेल.